गुडघा बदलण्याआधी आईचं ताट: कामाच्या नोंदी

९ जुलै २०२५, बुधवार

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ३० जुलैला ठरलं होतं. आज भूलतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहिले आणि तारीख पुढे ढकलली. हिमोग्लोबिन ९.६. बायकांचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय धरतात. सांधा बदलताना आणि नंतरच्या दिवसांत रक्त जातंच, त्यामुळे सुरुवातच ९.६ वर केली तर बाहेरचं रक्त चढवायची वेळ येऊ शकते. नवी तारीख १२ सप्टेंबर.

बाकीचे आकडे: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ११, म्हणजे फारच कमी. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४. बी १२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक. वय ६६, वजन ७१ किलो, उंची पाच फूट. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू. आई माळकरी आहे, त्यामुळे अंडी-मटण-मासे नाहीत आणि एकादशी चुकत नाही.

घरात सगळे म्हणत होते, आईची तब्येत चांगली भरलेली आहे, हिला कसली कमतरता? वजन आहे ते पोटावर. मांड्या बारीक झाल्यात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. आहारतज्ज्ञ बाईंनी तेच दाखवलं. त्या म्हणाल्या, आता वजन उतरवायच्या मागे लागू नका. ऑपरेशनच्या तोंडावर कमी खाल्लं तर चरबीआधी स्नायू जातात आणि जखम भरायला तेच लागतात. रोज ७० ते ७५ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. हा हिशोब आजच्या ७१ किलोवर केलेला नाही, उंचीप्रमाणे असायला हवं त्या वजनावर आहे. आकडा सांगण्याआधी त्यांनी क्रिएटिनिन पाहिलं. मधुमेह असेल तर हे विसरू नका. मूत्रपिंड अधू असेल तर एवढी प्रथिनं चालत नाहीत.

गावाकडे साताऱ्याला माझ्या दोन मावश्यांचे गुडघे याच वाटेवर आहेत. नोंदी त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी असंच काही ठरलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

१३ जुलै, रविवार

आधी फक्त मोजलं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेतला (चारशे रुपये, या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी खर्च) आणि आई जशी खाते तसं खाऊ दिलं.

दिवसाला पस्तीस ते अडतीस ग्रॅम प्रथिनं. म्हणजे हवं त्याच्या निम्मं. त्यातलंही निम्म्याहून जास्त ज्वारीच्या भाकरीतून आणि चहातल्या दुधातून.

मला खात्री होती की डाळ भरपूर असते, कारण कुकरला रोज दोन वाट्या तूर लागते. पण ती पाच माणसांत जाते. आमचं वरण पातळ, आणि आई जेवायला बसते सगळ्यांचं झाल्यावर. तिच्या वाटीत वरचं पाणी येतं. शिजवलेलं निथळून, वाळवून मोजायच्या भानगडीत पडले नाही, पण अंदाजे पंधरा ग्रॅम कोरडी डाळ तिच्या वाट्याला येत असेल. कोरड्या तुरीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे वाटीभर वरणातून तिला मिळाली तीन-सव्वातीन ग्रॅम.

घरात काय शिजतं ते लिहून उपयोग नाही. ज्याचं ऑपरेशन आहे त्याच्या ताटात काय पडतं ते लिहा.

१७ जुलै, गुरुवार

नवीन ताट असं बसवलं:

सकाळी मूगडाळीची दोन धिरडी (५० ग्रॅम डाळ) आणि शेंगदाण्याची चटणी. अकरा वाजता कपभर दूध, त्यात दोन चमचे स्किम्ड दूध पावडर, साखर नाही. दुपारी दीड भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, वाटीभर घट्ट दही. चारला मूठभर फुटाणे. रात्री पिठलं किंवा घट्ट वरण, एक भाकरी, पन्नास ग्रॅम पनीर. बेरीज ७५ च्या वर जाते.

आईने पहिल्याच दिवशी ताट मागे सारलं. "एवढं मला जात नाही गं. आणि पनीर मुलांना ठेव." इथे गाडं अडलं. तिला किती समजावलं तरी ती उरलेलंच खाणार, कारण चाळीस वर्षं तसंच खाल्लंय. मग तिचा वाटा सकाळीच वेगळा काढायला सुरुवात केली. स्टीलचा तीन ताळी डबा, त्यात उसळ, दही, पनीर. डब्यातलं कुणी घेत नाही आणि डब्यात उरलेलं रात्री दिसतं. "टाकायचं का?" एवढं विचारलं की ती खाते. अन्न टाकणं तिला जमत नाही.

खर्च: या डब्याचा महिन्याला साधारण दीड हजार जास्त. पनीरच सगळ्यात महाग. ज्यांना परवडत नाही त्यांनी सोयाबीनच्या वड्या पाहाव्यात, कोरड्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचं असतं. आईला त्यांचा वास आवडत नाही, म्हणून मिक्सरमधून काढून झुणक्याच्या बेसनात मिसळते. कळत नाही.

औषधाच्या दुकानातले प्रथिनांचे डबेही पाहिले. एकाच्या लेबलवर साखर दुसऱ्या क्रमांकावर होती. मधुमेह असेल तर पुढचं चित्र न पाहता मागचं लेबल वाचा. आम्ही दूध पावडरवरच थांबलो.

२४ जुलै, गुरुवार

आठवड्याने सगळं कोलमडलं. पोट फुगलेलं, शौचाला कडक, दोन दिवस उसळ तशीच डब्यात. आईने लोहाची गोळी गुपचूप बंद केली होती, "काळं होतंय" म्हणून घाबरून. गोळीने शौचाचा रंग काळा होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. (पण डांबरासारखं चिकट आणि काळं असेल तर ते वेगळं, ते डॉक्टरांना लगेच सांगायचं.)

डॉक्टरांशी बोलून केलेले बदल:

गोळी रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड. लोह घेतल्यावर शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढच्या दिवसाच्या लोहाची वाट अडवतं. एक दिवस मध्ये सोडला तर पोटाला त्रास कमी होतो आणि प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

गोळीची वेळ बदलली. आधी ती रात्री कॅल्शियमच्या गोळीबरोबर चालली होती. दोन्ही एका डबीत भरलेल्या, म्हणून एकत्र घेतल्या जात. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो. आता लोह सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर आणि त्यानंतर तासभर चहा नाही. आईचं सगळ्यात मोठं भांडण या चहावरून झालं.

मटकी आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस मूग. मोड नीट येऊ द्यायचे, पूर्ण मऊ शिजवायचं, फोडणीत हिंग आणि ओवा. प्रथिनं एकदम दुप्पट करण्याऐवजी दहा-पंधरा ग्रॅमने वाढवत नेली असती तर पोटाने कुरकुर केली नसती. मावश्यांसाठी हे अधोरेखित. रात्री इसबगोल आणि दिवसभर पाणी. पाणी तर ती मुद्दाम कमी पीत होती, कारण बाथरूमला उठायचं म्हणजे गुडघा.

२९ जुलै, मंगळवार

मिश्री. हे आहाराच्या वहीत कशाला, असं कुणाला वाटेल. आई दिवसातून तीनदा मिश्री लावते, आमच्याकडच्या तिच्या वयाच्या कितीतरी बायका लावतात. भाजलेला तंबाखूच तो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं. ताटात कितीही चांगलं वाढलं तरी ते रक्तानेच टाक्यांपर्यंत जायचं आहे. शिवाय मिश्री लावली की तिला तासभर भूक लागत नाही, हे मोजतानाच लक्षात आलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "तंबाखू, सिगारेट?" आई म्हणाली नाही. ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. तुमच्या आईला, आजीला थेट मिश्रीचं नाव घेऊन विचारा.

आज सकाळपासून बंद. चिडचिड, डोकं दुखणं. साधं दंतमंजन आणि तोंडात लवंग. बघू.

२ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यात रक्त पुन्हा तपासलं. ९.९. एवढ्या उठाठेवीनंतर ०.३.

नीट लागू पडलं तर पोटातून घेतलेल्या लोहाने तीन-चार आठवड्यांत एक-दीडने तरी वाढायला हवं होतं. फिजिशियन डॉक्टरांनी विचारलं तो प्रश्न आम्हाला पहिल्या दिवशीच पडायला हवा होता: पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठे?

उत्तर आईच्या बटव्यात होतं. गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, वर्षानुवर्षं, बऱ्याचदा उपाशीपोटी. अशा गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला जखमा होतात आणि थेंब थेंब रक्त जात राहतं, कळतही नाही. परवा दुर्बिणीची तपासणी झाली, जठरात वरवरच्या जखमा सापडल्या. मोठं काही नाही. या वयात कारण न शोधता नुसतं लोह देत राहणं बरोबर नाही, कारण असा रक्तक्षय आतड्याच्या कॅन्सरचीही पहिली खूण असू शकतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे मोठ्या आतड्याचीही तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. दोन्ही मिळून अकरा हजार गेले आणि घरातल्या सगळ्यांची झोप गेली, पण हे टाळण्यासारखं नव्हतं.

आम्ही तीन आठवडे फुटक्या घागरीत पाणी ओतत होतो. डायक्लोफेनॅक बंद, दुखण्याला पॅरासिटामॉल, आणि आम्ल कमी करणारी गोळी सुरू. या गोळीने जखम भरते, पण पोटातलं आम्ल कमी झालं की लोह आणखी कमी शोषलं जातं. तारीख सहा आठवड्यांच्या आत. म्हणून लोह शिरेतून द्यायचं ठरलं.

बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे: भेटायला येणारा प्रत्येक जण यातलं काहीतरी घेऊन येतोय. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही, त्यात लोह फार थोडं. खजूर आणि गुळाने आईची साखर चढते. पालेभाज्या, अळीव, लोखंडी कढईतली भाजी हे चालू ठेवलंय, पण फेरिटिन ११ असताना आणि हातात सहा आठवडे असताना नुसत्या जेवणाने हे भरून येत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार, एकादशी

काल श्रावणी सोमवार, आज एकादशी. लागोपाठ दोन उपवास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आहे तो नुसता स्टार्च. अशा दिवशी तिच्या पोटात पंधरा ग्रॅमही जात नव्हती.

उपवास सोड असं मी म्हटलं नाही. तिची माळ माझ्या जन्माआधीची आहे. काल सकाळी तिने नेहमीसारखी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोन तासांनी साखर मोजली: २६८. आज राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही. दोन तासांनी: १७४. दोन्ही आकडे तिला दाखवले. तिने चष्मा लावून यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग राजगिराच करत जा. पांडुरंगाला काय साबुदाणाच लागतो असं थोडंच आहे."

आता उपवासाच्या दिवसाचं ताट: राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर, दाण्याची घट्ट आमटी, दोनदा दही, पावडर घातलेलं दूध, पनीर. पन्नास-पंचावन्नपर्यंत पोचतं. ७५ नाही होत, पण पंधरा आणि पंचावन्न यांत फरक आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (शिरेतून द्यायचं लोह), १००० मिलिग्रॅम, सलाईनमधून. लोह जायला पाव तास, पुढे अर्धा तास लक्ष ठेवलं. औषध, सुई, बेड धरून पाच हजारांच्या आत. बी १२ ची इंजेक्शनंही सुरू झाली. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, दोन्हींनी बी १२ उतरतं, आणि रक्त तयार व्हायला तेही लागतंच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून.

लोहाच्या तोंडी गोळ्या सध्या बंद. सकाळचा चहा परत मिळाला म्हणून आई खूष.

२० ऑगस्ट, बुधवार

हिमोग्लोबिन १०.९. कालची एकादशी राजगिऱ्यावर गेली.

फिजिओथेरपिस्ट ताई मांडीचे व्यायाम देऊन गेल्या: पाय सरळ करून गुडघा गादीत दाबायचा, पाय ताठ उचलायचा, खुर्चीवरून उठ-बस. व्यायाम झाला की लगेच दूध द्यायला सांगितलं. नुसतं खाऊन स्नायू वाढत नाहीत, त्यांना काम पडावं लागतं. आई खुर्चीतून हात न टेकता उठायला लागली आहे. आकड्यांपेक्षा मला याचा आनंद जास्त.

मिश्रीची डबी उशीखाली सापडली. भांडले नाही. तिनेच दिली काढून.

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक किडलेली दाढ काढली. हिरडीतला जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत जायचा धोका असतो, म्हणून दात आधी बघतात. दाढ काढल्यावर चार दिवस मऊ खाणं: मुगाचं कढण, दही, मऊ पिठलं. हे काम पहिल्याच आठवड्यात उरकायला हवं होतं, म्हणजे मध्येच ताट मोडलं नसतं.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपती आणि गौरी. ताट पार विस्कटलं. मोदक, पुरणपोळी, पाहुणे, आणि आई दिवसभर ओट्याशी उभी. साखर दोनदा २५० च्या वर. डबा भरला, पण तो उघडायला कुणाला सवड नव्हती. एकच गोष्ट टिकली, ती म्हणजे सकाळची धिरडी, कारण ती पाहुणे येण्याआधी होत होती. सणासुदीत जे टिकवायचं ते सकाळी उरकावं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

हिमोग्लोबिन १२.२. भूलतज्ज्ञांनी संमती दिली.

एचबीए१सी ७.३. मी हरखले, पण डॉक्टरांनी थांबवलं. लोह कमी असताना हा आकडा मुळात चढा दिसू शकतो आणि लोह दिल्यावर नव्या रक्तपेशी येतात तसा उतरतो. म्हणजे ही सगळी उतरण साखरेची नाही. त्यांनी घरच्या मीटरची वही मागितली. उपाशीपोटी ११० ते १३० च्या दरम्यान, गौरीचे दिवस सोडून. त्यावर ते समाधानी.

काय कधी बंद करायचं ते लिहून घेतलं. डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून बंद. ही गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या सकाळी नाही. हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल आईने भाच्याच्या सांगण्यावरून घेतल्या होत्या, त्या आधीच बंद केल्या होत्या, कारण त्यांनी रक्त पातळ होऊ शकतं. जेवणातली हळद आणि लसूण चालतात. प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या, तेव्हा ही यादी उतरवून न घेता आपल्या डॉक्टरांकडून आपली लिहून घ्या.

रविवारपासून पितृपंधरवडा. काकांचा फोन आला, या दिवसांत कसलं ऑपरेशन करताय. आईनेच घेतला फोन. "माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं खाटेवर होत्या. मी चालले तर त्यांना बरंच वाटेल." विषय संपला.

११ सप्टेंबर, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये दाखल. वॉर्डात सांगितलं, रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. ऑपरेशन उद्या अकराला. तेरा तास कोरडं कशाला, म्हणून भूलतज्ज्ञांना विचारायचा आग्रह धरला. त्यांनी कागदावर लिहून दिलं: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, दूध आणि दुधाचा चहा खाण्यातच धरायचा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. त्यामुळे आई नऊपर्यंत पाणी पिऊ शकते. गोड सरबत दिलं जातं काही ठिकाणी, पण मधुमेहामुळे तिला नको म्हणाले.

रात्रीचं जेवण आठला: मुगाची मऊ खिचडी, दही, पनीर. तळलेलं काही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.४, रक्त चढवावं लागलं नाही. ९.६ वरून निघालो असतो तर आज आकडा आठच्या खाली असता.

भूक मात्र पूर्ण गेली आहे. मळमळ, तोंडाला चव नाही. ठरवलेलं ताट इथे निरुपयोगी. दोन-दोन तासांनी थोडं थोडं: मुगाचं कढण, मीठ-जिरं घातलेलं ताक, दूध पावडर मिसळलेली नाचणीची पेज. दुखण्याच्या तीव्र औषधांनी शौचाला होत नाही, म्हणून इसबगोलच्या जोडीला डॉक्टरांनी पातळ औषधही दिलं. हॉस्पिटलच्या नाश्त्याला मधुमेहाच्या ताटात दोन दिवस नुसता उपमा आला. घरून धिरडी आणली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज टाके काढले. जखम कोरडी, कडा जुळलेल्या. वॉकर घेऊन आई दारापर्यंत जाऊन येते. भूक चौथ्या-पाचव्या दिवसापासून परतली. प्रथिनं पुन्हा ७० वर, आणि ती निदान दीड-दोन महिने अशीच ठेवायची आहेत.

सोमवारी घट बसले. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास यंदा वहिनीने घेतले. आई दोन्ही वेळ जेवते आणि आरतीला खुर्चीत बसते. मिश्री अजून बंद आहे.

एकूण खर्च, ऑपरेशन सोडून: तपासण्या, दुर्बिणी, लोह, दाढ, खाणंपिणं मिळून चोवीस हजारांच्या आसपास. यातला दुर्बिणींचा खर्च सर्वांना लागेल असं नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन मात्र ऑपरेशनचा विचार मनात आला त्याच आठवड्यात तपासा. आम्ही तारीख ठरल्यावर तपासलं, म्हणून ती सहा आठवडे पुढे गेली.

डावा गुडघा फेब्रुवारीत करायचा विचार आहे. फेरिटिन डिसेंबरमध्ये पुन्हा बघायचं. मोठ्या मावशीला उद्या रक्त तपासायला पाठवतेय, आणि तिच्या बटव्यातल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन जायला सांगितलं आहे.